दिवसाची लाईट: निफाडच्या एका मळ्यातल्या दोन मोटारी

निफाड तालुक्यात कादवा नदीच्या अंगाला आमच्या काकांचा मळा आहे. घरात आणि गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. जुना मळा साडेचार एकर: साडेतीन एकर द्राक्षबाग, उरलेल्यात कांदा. ओढ्यापलीकडे मागाहून घेतलेली तीन एकर, तिचा सातबारा काकूंच्या नावावर. तिथेही आता बाग उभी आहे. दोन्हीकडे विहीर, दोन्हीकडे पाच एचपीची मोटार. जुन्या विहिरीवरचं कनेक्शन आजोबांच्या काळातलं. नव्या विहिरीसाठी कनेक्शनचं कोटेशन भरलं होतं आणि खांबांची वाट बघणं चालू होतं.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. शनिवारी दुपारी गाडी काढतो आणि मळ्यावर जातो. गेल्या दोन वर्षांत या दोन्ही मोटारी सूर्यावर आल्या, पण वेगवेगळ्या वाटेने. काकूंच्या शेतात स्वतंत्र सौर पंप बसला. जुन्या मळ्यातली मोटार होती तशीच, होत्या त्याच तारेवर राहिली. त्या तारेत दिवसा येणारी वीज मात्र गावच्या गायरानावरच्या सौर प्रकल्पातून यायला लागली. एकच घर, एकच पीक, एकच आभाळ आणि दोन तऱ्हा. अशी तुलना ठरवून जुळवायची म्हटली तरी जुळत नाही, म्हणून गोड्या छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, काढणीपर्यंत एका पूर्ण हंगामाच्या नोंदी मी वहीत ठेवल्या.

दुसरंही एक कारण होतं. २०२३ च्या डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेत जगाने ठरवलं, की २०३० पर्यंत अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करायची, म्हणजे ११,००० गिगावॉटच्या घरात न्यायची. २०२४ या एका वर्षात जगाने ५८५ गिगावॉटची भर घातली. इतकी भर त्याआधी कोणत्याच वर्षी पडली नव्हती. तरी वर्षअखेरचा आकडा ४,४४८ गिगावॉट. ठरलेलं गाठायचं तर दरवर्षी साडेसोळा टक्क्यांच्या वर वाढ हवी. झाली पंधरा टक्के. फरक दीड टक्क्याचा दिसतो, पण चक्रवाढीत तो साचत जातो. हा वेग नेमका कुठे अडतो, ते समजून घ्यायची मला मनापासून ओढ आहे, आणि त्याचा बराचसा उलगडा नानांच्या स्टार्टरपाशी उभं राहून झाला.

रात्रीची लाईट

शेतीच्या थ्री फेज लाईटचं, म्हणजे मोटारीला लागणाऱ्या विजेचं, वेळापत्रक महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला पाठ असतं. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, बाकीचे दिवस रात्री. राज्यात ४७ लाखांवर शेतीपंप आहेत आणि राज्यात वापरल्या जाणाऱ्या विजेतला सुमारे तीस टक्के वाटा शेतीचा धरला जातो. एवढा भार एकाच वेळी पेलवत नाही म्हणून तो चोवीस तासांत वाटून टाकलेला. रात्री कारखाने थोडे शांत, घरं झोपलेली, आणि औष्णिक वीजकेंद्र काही रोज रात्री बंद करून सकाळी पुन्हा पेटवता येत नाही. आमच्या एकलहऱ्याला २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. असा संच थंड झाला, की पुन्हा तापवून पूर्ण भारावर आणायला कित्येक तास जातात. म्हणून रात्री वीज उरायची आणि ती शेतीकडे वळवली जायची. हिशेब तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. त्या हिशेबात काकू नव्हत्या.

काकू नानांबरोबर रात्री बागेत जायच्या, कारण एकट्याने जाणं धोक्याचं. निफाडचा गोदाकाठ म्हणजे उसाचा पट्टा, आणि उसात बिबट्या. नानांच्या हातात काठी आणि काकूंच्या हातात बॅटरी. काकू मोठ्याने बोलत चालायच्या, म्हणजे जनावराला चाहूल लागावी. ओल्या बांधावर सापाची भीती वेगळी. एकदा रात्री दोनला डिओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज, उडाला, तर सकाळपर्यंत वायरमन येणार कुठून? दोघं विहिरीच्या कठड्यावर बसून राहिली. पहाटे घरी येऊन काकूंनी चुलीवर चहा टाकला आणि तशाच द्राक्षाच्या विरळणीला गेल्या. नानांच्या अंगावर आजही जागरणाची सवय आहे. बाराला डोळा उघडतो म्हणतात.

सौरऊर्जेबद्दल बोलताना आपण कोळसा आणि कार्बन यांची गोष्ट करतो, आणि ती करायलाच हवी. पण आमच्या गावात सौर प्रकल्पाला हात वर झाले ते ‘दिवसाची लाईट’ या दोन शब्दांवर. ग्रामसभेत हवामानाचा ह सुद्धा निघाला नाही. मला त्यात काही वाईट वाटत नाही. माणसाच्या झोपेशी जोडलेली गोष्ट लवकर पुढे जाते.

काकूंचा पंप

नव्या विहिरीचा प्रश्न आधी सुटला. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत, कोटेशन भरून वाट बघणाऱ्यांनाही अर्ज करता येत होता. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच एचपी, त्यावर साडेसात, असं माप. शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. सातबारा काकूंचा, म्हणून अर्ज काकूंचा, आणि मोबाईलवर येणारे सगळे संदेशही त्यांनाच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावावर एक मशीन झालं. पॅनलच्या खांबावरच्या पट्टीवर स्वतःचं नाव त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं.

नऊ पॅनल, मिळून जवळपास ४,८०० वॉट, एक कंट्रोलर आणि विहिरीत मोटार. पहिला महिना कौतुकात गेला आणि मग तक्रार सुरू झाली: पाणी येतं, पण प्रेशर येत नाही.

ही गोष्ट जरा उलगडून सांगतो, कारण विकणारा ती सांगत नाही. तारेवरची मोटार एकाच वेगाने फिरते. लाईट आहे म्हणजे पूर्ण ताकद, नाही म्हणजे शून्य. सौर पंपाची मोटार उन्हाप्रमाणे फिरते. सकाळी आठला ती चालू होते, पण हळू. वेग अर्ध्यावर आला, की पाणी निम्मं होतं आणि दाब मात्र चौथाईवर येतो. पाटाने पाणी देणाऱ्याला हे कळतही नाही. ठिबकला कळतं, कारण ठिबकला दीड किलोच्या आसपास प्रेशर लागतं. काकूंच्या बागेत ओळीच्या सुरुवातीचे ड्रीपर ठिबकत होते आणि शेवटचे कोरडे. ढग आला, की फिल्टरवरचा काटा खाली बसायचा.

गावातल्या दोघा-तिघांनी याच कारणासाठी सौर पंपाला नावं ठेवली होती. आम्ही वेगळं केलं. तीन एकर दोन व्हॉल्व्हवर विभागलेली होती; ती सहा व्हॉल्व्हवर विभागली. सकाळी नऊपर्यंत एकच व्हॉल्व्ह उघडायचा, अकराला दोन, बारा ते दोनमध्ये तीन, आणि ऊन कलायला लागलं की पुन्हा एक. थोडा पाईप, चार जादा व्हॉल्व्ह आणि एका रविवारची मेहनत. काटा दिवसभर जागेवर राहायला लागला. पॅनल तेच, मोटार तीच. पाण्याची मागणी तेवढी उन्हाच्या मापाने कापली.

पॅनलच्या काचेचंही सांगायला हवं. द्राक्षबागेत छाटणीनंतर फवारण्यांना खंड नसतो, आणि बोर्डो या बुरशीनाशकाचा निळसर पांढरा थर वाऱ्याने पॅनलवर बसतो. धूळ पावसाने तरी जाते, हा थर चिकटून राहतो. एका शनिवारी मी नवातल्या एकाच पॅनलची काच पुसून बघितली. बाजूचा पॅनल दुधाच्या पातेल्यासारखा दिसत होता. आता ब्लोअर त्या बाजूला वळला, की दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत काकू बादली आणि लांब दांड्याचा फडका घेऊन जातात. दुपारच्या तापल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही, हे त्यांना एकदा सांगितलं ते पुरलं.

नानांची तार

जुन्या मळ्याची गोष्ट वेगळी, कारण तिथे नानांनी काहीच विकत घेतलं नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिचं दुसरं, मोठं रूप आलं. कल्पना साधी आहे. गावाजवळच्या ३३/११ केव्ही उपकेंद्राशेजारी काही मेगावॉटचा प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज तिथूनच निघणाऱ्या शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या लाईनला, द्यायची. वीज लांबून आणायची नाही, म्हणून वाटेतली गळती कमी. युनिटचा दर तीन रुपयांच्या आसपास. शेजारच्या जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हा गावातून दोन गाड्या भरून माणसं तो बघायला गेली होती. परत आलेल्यांचं एकच सांगणं: तिथे शेतकरी संध्याकाळी घरी जेवतो.

गायरानाचा विषय मात्र सरळ गेला नाही. एका मेगावॉटला चारेक एकर जमीन लागते. ती दगडी, पडीक, कागदावर कुणाची नाही. पण गावातली सहा-सात घरं तिथे शेळ्या चारतात, आणि पावसाळ्यानंतर मेंढपाळांचे वाडे तिथेच उतरतात. ग्रामसभेत त्यांच्यातल्या एका आजींनी उभं राहून विचारलं, “तुम्हाला दिवसाची लाईट, आम्हाला काय?” सभेत शांतता झाली. खासगी जमीन दिली, तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं मिळतं. गायरान दिलं, तर चराई करणाऱ्याच्या हातात काही पडत नाही. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख मिळणार होते, त्यातून काय करायचं यावर दोन सभा गेल्या. शेवटी कुंपण एका बाजूने आत सरकवलं, पाणवठ्याकडे जाणारी वाट मोकळी ठेवली आणि पहिल्या वर्षाच्या पैशातून पाणवठ्याची डागडुजी करायचा ठराव झाला. या सगळ्याला चार महिने लागले. उभारणीला त्याहून फार जास्त लागले नाहीत.

त्या चार महिन्यांवरून गावात आजही वाद होतो. कुणी म्हणतं वेळ वाया गेला. मला तसं वाटत नाही. ज्या गावांत न विचारता कुंपण घातलं जातं, तिथे काम सुरू होतं लवकर आणि बंदही पडतं लवकर. आजींचा प्रश्न आधी ऐकला म्हणून आमच्याकडे एकही दिवस काम थांबलं नाही.

सकाळी नऊची लाईट सुरू झाली, त्या पहिल्याच दिवशी आमच्या डीपीचा, म्हणजे मोटारींना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा, डिओ उडाला. दोष सौर प्रकल्पाचा नव्हता, आमचा होता. एका डीपीवर अठरा मोटारी आणि जवळपास प्रत्येक स्टार्टरला ऑटोस्विच. रात्री कोण उठणार म्हणून वर्षानुवर्षं सगळ्यांनी तो बसवलेला. लाईट आली की मोटार आपोआप चालू. मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. अठरा मोटारींनी एकाच क्षणी ओढला. त्यात सकाळी नऊला प्रकल्पाची वीज जेमतेम वर चढत असते. ती भरात येते अकरानंतर.

त्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक झाली. मी ऑटोस्विच काढायचं बोललो तर दोघं उठून जायला निघाले. वीस वर्षांची सवय ती. नानांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, “अरे, आता रात्र नाही, दिवस आहे. स्विच दाबायला लागतो कितीसा वेळ?” व्हॉट्सअॅपवर पाळ्या लागल्या: सहा मोटारी नऊला, सहा दहाला, सहा अकराला. दर आठवड्याला पाळी फिरते. सगळ्यांनी कपॅसिटर बसवले. डीपीच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला पूर्वी व्होल्टेज मिळायचं नाही, वर्षातून एकदा तरी मोटार जळायची आणि रिवाइंडिंगचा खर्च यायचा. या हंगामात त्याची मोटार विहिरीतून वर निघाली नाही.

गिगावॉट आणि घड्याळ

काकूंचे व्हॉल्व्ह आणि डीपीच्या पाळ्या या दोन्हींत मला एकच गोष्ट दिसते. वीज येईल तेव्हा काम हलवलं. जग पॅनल मोजतं, मोजायलाच हवेत. पण आज पॅनल ही अडचण राहिलेली नाही. २०१० ते २०२३ या काळात मोठ्या सौर प्रकल्पांतल्या विजेचा खर्च जगभरात सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरला. अडचण आहे ती वीज तारेवर चढवण्याची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये मोजणी केली, तेव्हा ३,००० गिगावॉटचे प्रकल्प ग्रीडला जोडून घ्यायच्या रांगेत उभे होते, त्यातले १,५०० तर बऱ्याच पुढच्या टप्प्यावर. काम एवढं पुढे जाऊनही त्यांना तार नव्हती. नानांनी कोटेशन भरून खांबाची वाट बघितली, तसंच हे, फक्त हजारो पटीने मोठं.

नवी तार ओढायला वर्षं लागतात, मनोरे उभारायला जमीन लागते, आणि तीही कुणाच्या तरी चराईची असते. म्हणून आहे त्याच तारेतून जास्त सूर्य वाहून न्यायचा मार्ग आधी धरायला हवा: वीज जिथे लागते तिथेच तयार करणं आणि काम दिवसा आणणं. शेतीचं पाणी हे जगातलं सगळ्यात सहज हलवता येणारं काम आहे. वेलीला पाणी रात्री दोनला हवं असं काही नसतं. रात्री दोनला ते मिळत होतं, कारण कोळशाच्या संचाला ती वेळ सोयीची होती. जिथे म्हणून रात्री पंप चालतात, तिथे एवढा एक बदल झाला, तर किती बॅटऱ्या विकत घेण्याचं वाचेल याचा विचार मी कारखान्यातल्या रात्रपाळीत बसून अनेकदा केला आहे. आमच्या कारखान्याच्या बिलात शेतीच्या सवलतीचा भार असतो. स्वस्त दिवसाची वीज शेतीला मिळाली, तर तो भारही हलका व्हायला वाव आहे. अंबडचं बिल आणि निफाडची विहीर एकाच तारेची दोन टोकं आहेत.

पैशाचीही एक बाजू आहे आणि ती काकूंच्या उदाहरणातून चांगली कळते. सौर पंपाला पुढे इंधनखर्च नाही, सगळा खर्च पहिल्याच दिवशी. म्हणजे प्रश्न उरतो तो त्या दिवशी पैसा कोण देतो आणि किती व्याजाने. बागेवर विविध कार्यकारी सोसायटीचं कर्ज आधीच होतं. दहा टक्क्यांऐवजी पूर्ण रक्कम उभी करायला सांगितली असती, तर काकूंनी अर्ज केलाच नसता. देशांचंही असंच आहे. पॅनलचा भाव नैरोबीत आणि बर्लिनमध्ये फार वेगळा नाही. कर्जाचा भाव फार वेगळा आहे. उन्हाची कमी नसलेल्या आफ्रिका खंडाच्या वाट्याला जगातल्या अक्षय क्षमतेपैकी दोन टक्केही नाहीत. तिप्पट करण्याचं उद्दिष्ट एकट्या चीनच्या वेगावर गाठता येणार नाही. स्वस्त कर्ज तिथे पोचायला हवं जिथे ऊन आहे पण पत नाही.

आणि वेगाला दिशा नसली तर काय होतं, तेही बघायला हवं. पाकिस्तानात २०२४ मध्ये लोकांनी चीनमधून सुमारे १७ गिगावॉटचे पॅनल आणले. महाग वीज आणि डिझेलला कंटाळून शेतकऱ्यांनी कूपनलिका सूर्यावर घेतल्या. ग्रीडचं नियोजन मागे राहिलं आणि भूजलाची काळजी उभी राहिली. फुकटचं ऊन मोटार बंद करायला सांगत नाही. काकूंच्या विहिरीतही हे झालं. पहिल्या दोन आठवड्यांत पंप संध्याकाळपर्यंत सोडून दिला, तर विहीर तळाला गेली. वेल तेवढीच, ठिबकही तेवढंच, तरी ‘चाललंय ना फुकट’ म्हणून ओढ्याकडच्या बांधावर पाणी वाहत होतं. मग आम्ही ठिबकची गरज मोजून कंट्रोलरवर तास ठरवले. उरलेल्या उन्हात कडबा कुट्टी चालवायचा काकूंचा विचार आहे. त्यासाठी वेगळा कंट्रोलर लागतो आणि त्याची चौकशी चालू आहे.

थंडीतल्या चार पहाटा

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे टिपण लिहायला घेतलं.

निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे. २०१८ च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. द्राक्षात पाणी उतरायच्या सुमारास असा गारठा पडला, की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, काही वाणांत ते गुलाबी पडतात आणि निर्यातीचा माल बाजूला काढावा लागतो. त्यावर बागायतदारांचा उपाय ठरलेला: पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबकने विहिरीचं पाणी सोडायचं. विहिरीचं पाणी त्या वेळी हाताला कोमट लागतं. त्याची ऊब जमिनीतून वर येते आणि वेलीला दोन-तीन अंशांचा आधार मिळतो.

गेल्या हंगामात लाट आली, ती रात्र मी मळ्यावरच होतो. पहाटे साडेतीनला नानांनी उठवलं. बाहेर पत्र्यावर दव गोठल्यासारखं चमकत होतं. नाना नेहमीच्या सवयीने स्टार्टरकडे गेले आणि हिरवं बटण दाबण्याआधीच थांबले. थ्री फेज नव्हती. ती आता सकाळी नऊला येणार होती. ओढ्यापलीकडे काकूंचे नऊ पॅनल चांदण्यात काळेभोर उभे होते. ज्या रात्रीच्या लाईटला आम्ही इतकी वर्षं शिव्या दिल्या, ती त्या पहाटे हवी होती.

शेजारच्या एकाने सुचवलं, घरच्या दिव्यांच्या सिंगल फेजवर कन्व्हर्टर लावून मोटार ओढू. मी हात जोडून नाही म्हणालो. अठरा जणांतल्या चौघांनी ते केलं असतं, तरी डीपी जळाला असता आणि नऊचीही लाईट गेली असती. मग नानांनी गोठ्यामागे ताडपत्रीखाली पडलेलं आजोबांच्या वेळचं डिझेल इंजिन बाहेर काढलं. हँडल मारून मारून माझे दंड भरून आले. सहाव्यांदा ते धडधडलं आणि धुराचा लोट बागेवर पसरला. ते जुन्या विहिरीला जोडलं, कारण तिथला माल पुढे होता. काकूंच्या बागेत फक्त शेकोट्या. काकू आणि माझी चुलत बहीण काटक्या आणि भुसा घेऊन ओळीओळीतून फिरत राहिल्या. असं लागोपाठ चार पहाटा चाललं.

जुनी बाग वाचली. काकूंच्या बागेचा ओढ्याकडचा सखल कोपरा, जिथे गार हवा साचते, तिथले घड गुलाबी पडले. ते स्थानिक बाजाराला गेले, निर्यातीच्या पेटीत नाही.

मला त्या इंजिनाची लाज वाटत नाही. वर्षातल्या तीनशे साठ दिवसांचं पाणी उन्हावर आलं आणि चार पहाटा डिझेलवर गेल्या, तर तो हिशेब मी कुणासमोरही मांडेन. पण त्या चार पहाटा बाजूला सारून चालणार नाही, कारण शेतकरी सौरऊर्जेबद्दलचं मत त्याच पहाटेला बनवतो. पुढच्या आठवड्यात पारावर कुणी व्हॉल्व्हची गोष्ट काढली नाही; सगळे विचारत होते, थंडीत काय करायचं?

साठवणीला मोठे उपाय आहेत. इगतपुरीपलीकडे अकोले तालुक्यात घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे: वीज उरते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. बॅटऱ्यांचे भावही भराभर उतरताहेत. त्यांची जास्त गरज संध्याकाळी सहा ते दहाला आहे, जेव्हा ऊन नसतं आणि शहरातला प्रत्येक दिवा लागलेला असतो. निफाडच्या चार पहाटांसाठी मेगावॉटची बॅटरी मागणं मला पटत नाही. त्या पहाटांना ग्रीडच कामाला यायला हवं. ग्रीडमध्ये रात्री वीज असते. एका तालुक्याला चार पहाटा तीन तास थ्री फेज देणं अशक्य नाही. अडचण वेळापत्रकाची आहे. हवामान खात्याचा थंडीच्या लाटेचा इशारा आदल्या दिवशी येतो. तो आला, की त्या भागातल्या शेती फीडरला पहाटे तीन ते सहा थ्री फेज द्यायची, आणि त्या दिवशी दुपारचे तेवढे तास कमी करायचे. आम्ही दुपारचे तास सोडायला तयार आहोत.

स्वतंत्र सौर पंपाला हा मार्ग नाही. त्याला तारच नाही. म्हणून काकूंच्या शेतात शेततळ्याचा विचार चालू आहे. दिवसा भरून ठेवायचं आणि पहाटे छोट्या पंपाने सोडायचं. नानांची शंका रास्त आहे: उघड्या तळ्यातलं पाणी रात्रभर गारठतं, त्याला विहिरीची ऊब नाही. मी दोन पहाटा थर्मामीटर घेऊन शेजारच्या तळ्यावर गेलो. पाणी विहिरीपेक्षा बरंच गार होतं, तरी हवेपेक्षा उबदार होतं. तेवढ्याने सखल कोपरा वाचेल का, ते पुढच्या थंडीतच कळेल. तळ्यात अंथरायच्या प्लॅस्टिक कागदाचं माप घेऊन झालं आहे.

दोन्ही वाटांपैकी कोणती चांगली, असं गावात मला विचारतात. जिथे तार आहे तिथे फीडर, असं मी सांगतो: एका प्रकल्पाने शेकडो मोटारी एका दिवसात सूर्यावर येतात, उरलेली वीज दुसऱ्याच्या कामी येते आणि निगा एका जागी राहते. काकूंचे पॅनल छाटणीआधीच्या विश्रांतीच्या काळात, पाणी लागत नाही तेव्हा, नुसते तापत उभे असतात. ती वीज कुठेच जात नाही. पण जिथे खांब पोचायला वर्षं लागणार, तिथे स्वतंत्र पंपाला पर्याय नाही, आणि काकूंना तो मिळाला नसता, तर ती तीन एकर आजही कोरडवाहू असती.

पहाटेच्या थ्री फेजचा अर्ज आम्ही डीपीवरच्या सगळ्यांच्या सह्यांनी तालुक्याच्या कचेरीत दिला. पहिली सही काकूंची आहे, त्यांची मोटार त्या डीपीवर नसतानाही. पोच त्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे.